आधी तेलाचं बिल, मग तेलाचं राजकारण : दोन्ही बाजू पाहिलेले यशवंतराव चव्हाण

डिझेल महागलं की भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीत धानाच्या बांधीत ट्रॅक्टरने चिखलणी करायचा खर्च वाढतो. पण कच्च्या तेलाचे भाव हलतात ते हजारो किलोमीटर दूर, आखातात. भारताला याचा पहिला मोठा दणका बसला १९७३ मध्ये. तेव्हा अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे गावातला. वडील लवकर गेले, आई विठाबाईंनी वाढवलं. १९६० मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. पुढे दिल्लीत संरक्षण आणि गृह खातं सांभाळून १९७० मध्ये अर्थमंत्री झाले.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं. ३ डॉलरच्या आसपास मिळणारं पिंपभर तेल काही महिन्यांत १२ डॉलरच्या जवळ गेलं. भारत निम्म्याहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणायचा. इथंही पेट्रोल महागलं आणि निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. दुष्काळामुळे धान्य आधीच महाग होतं. महागाई रोखायला १९७४ मध्ये नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा भाग सक्तीने ठेवीत टाकला गेला. लोकांचा राग साहजिकच अर्थमंत्र्यांवर निघाला. तेलाच्या बिलासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्जही घ्यावं लागलं.

ऑक्टोबर १९७४ मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना परराष्ट्रमंत्री केलं. आता प्रश्न तोच, टेबलाची बाजू वेगळी. खिशात डॉलर कमी असतील तर तेल मिळवायचं कसं? उत्तर होतं संबंध, उधारी आणि देवाणघेवाण. इराक, इराणकडून उधारीवर तेल घेण्याचा मार्ग भारताने धरलाच होता. १९७५ मध्ये कर्नाटकातल्या कुद्रेमुख लोहखनिज प्रकल्पासाठी इराणच्या कर्जाचा करार झाला. खनिज इराणलाच जाणार होतं. त्याच वर्षी पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला दिल्लीत कार्यालय मिळालं. अरबांना पाठिंबा हे भारताचं जुनंच धोरण होतं, तेलटंचाईने त्याचं वजन वाढवलं.

पण मैत्रीलाही मर्यादा असतात. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, कुद्रेमुखचं हक्काचं गिऱ्हाईक गेलं आणि तेल पुन्हा भडकलं. त्या वर्षी यशवंतराव काही महिने उपपंतप्रधान होते. तोवर मुंबईजवळच्या समुद्रात 'बॉम्बे हाय'मधून १९७६ पासून तेल निघू लागलं होतं, तेवढाच आधार.

२५ नोव्हेंबर १९८४ ला यशवंतराव गेले. भारत आजही बहुतेक कच्चं तेल बाहेरूनच आणतो. म्हणून आखातात कुणाशी कसं वागायचं, याचा हिशेब शेवटी मोहाडीच्या बांधीपर्यंत येतो.