हार्वे कुशिंग आणि मोहरीएवढी गाठ

चेहरा वाटोळा, पोट सुटलेले, पण हातपाय काटकुळे. पोटावर जांभळे वळ, रक्तदाब चढलेला. हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या दवाखान्यात असा रुग्ण आला, तर पहिली चौकशी स्टिरॉइडची करावी. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी लोक ती महिनोन् महिने घेतात आणि बहुतेकदा कारण तिथेच सापडते. तसे नसेल, तर शोध मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीपर्यंत जाऊ शकतो. तिथल्या गाठीमुळे होणाऱ्या आजाराला हार्वे कुशिंग यांचे नाव आहे.

८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे जन्मलेले कुशिंग दहा भावंडांत धाकटे. घरात डॉक्टरकीची परंपरा. हार्वर्डला शिकत असताना त्यांनी ईथरची भूल दिलेला एक रुग्ण दगावला. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. मग सहाध्यायी कॉडमन यांच्यासोबत त्यांनी शस्त्रक्रियेदरम्यान नाडी आणि श्वास यांची सतत नोंद ठेवणारे तक्ते तयार केले. १९०१ मध्ये इटलीत रिव्हा-रोची यांचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र पाहिले आणि ते अमेरिकेत नेले. मोजल्याशिवाय, टिपून ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

पीयूषिका ग्रंथी हाडाच्या खोगिरासारख्या खोबणीत असते आणि तिच्या वरून दृष्टीच्या नसा जातात. गाठ मोठी असेल तर क्ष-किरण चित्रात खोबण रुंदावलेली दिसते, नजर दोन्ही कडांनी कमी होते. या खुणांवरून कुशिंग गाठ ताडत. नाकाच्या मार्गाने त्यांनी १९१० ते १९२५ या काळात २३१ शस्त्रक्रिया केल्या. पण १९१२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी नोंदवलेल्या २३ वर्षांच्या एका तरुणीत आजाराची सगळी लक्षणे होती, खोबण मात्र वाढलेली नव्हती. १९३२ मध्ये त्यांनी असे १२ रुग्ण एकत्र मांडले. काहींच्या शवविच्छेदनात ग्रंथीत बारीक गाठ सापडली होती. म्हणजे पुरावा मिळाला, पण रुग्ण गेल्यावर.

७ ऑक्टोबर १९३९ रोजी कुशिंग हृदयविकाराने वारले. त्यांच्या स्वतःच्या मेंदूतही सुमारे एक सेंटिमीटरची निरुपद्रवी गाठ निघाली. ती शवविच्छेदनातच कळली.

आज एमआरआय आहे, तरी या आजारातील बऱ्याच गाठी त्यात दिसत नाहीत. उलट, निरोगी माणसाच्या ग्रंथीतही एखादा निरर्थक ठिपका दिसू शकतो. शिवाय एसीटीएच हे संप्रेरक कधी फुप्फुसातील गाठही तयार करते. अशा वेळी पीयूषिकेची शस्त्रक्रिया वाया जाते. म्हणून संशय उरला, तर जांघेतून बारीक नळ्या वर नेऊन ग्रंथीचे रक्त वाहून नेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या शिरांतून नमुने घेतात. तिथले एसीटीएच हाताच्या शिरेतल्यापेक्षा किमान दुप्पट असेल, तर उगम पीयूषिकेत असल्याचे मानतात. गाठ डावीकडे की उजवीकडे, हे मात्र या तपासणीतून खात्रीने सांगता येत नाही. मग शल्यचिकित्सकाला ग्रंथी उघडूनच ती शोधावी लागते. हिंगोलीच्या रुग्णाला यासाठी मुंबईसारख्या शहरातील मोठे केंद्र गाठावे लागते.