थिओबाल्ड स्मिथ आणि गोचीड

बकरी ईदच्या आधी घरी आणलेल्या बकऱ्याच्या कानामागे किंवा मानेखाली एकदा नीट हात फिरवून पाहा. कधी कधी बोटांना वाटाण्याएवढी टणक गाठ लागते. ती गाठ नसते, रक्त पिऊन फुगलेला गोचीड असतो. उर्दूत आपण त्याला चिचडी म्हणतो. बहुतेक लोक तो ओढून काढतात, पायाखाली चिरडतात आणि विसरून जातात. पण याच जातीच्या एका जीवामुळे अमेरिकेत हजारो गाई मेल्या आणि शेतकरी बंदुका घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले. असे का झाले, हे ज्यांनी शोधून काढले त्या थिओबाल्ड स्मिथ यांची ही हकिकत आहे.

स्मिथ यांचा जन्म ३१ जुलै १८५९ रोजी अमेरिकेतील ऑल्बनी या गावी झाला. त्यांचे आईवडील जर्मनीतून आलेले होते. वडील शिंपीकाम करत. घरात जर्मन भाषा बोलली जाई आणि शाळेत इंग्रजी शिकवली जाई. घरची एक भाषा आणि शाळेतली दुसरी, हा अनुभव तुम्हांला नवा नाही. स्मिथ यांना या दोन भाषांचा पुढे फार उपयोग झाला. त्या काळी जंतूंविषयीचे, म्हणजे जरासीमविषयीचे, सर्वांत महत्त्वाचे लेख जर्मन भाषेत छापले जात. रॉबर्ट कॉख यांचे लेख वाचण्यासाठी स्मिथ यांना भाषांतराची वाट पाहावी लागली नाही.

१८८१ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेतली आणि १८८३ मध्ये ते डॉक्टर झाले. पण दवाखाना काढण्यात त्यांचे मन रमले नाही. १८८४ मध्ये ते वॉशिंग्टन येथे जनावरांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या नव्या सरकारी खात्यात रुजू झाले. जंतुशास्त्र शिकवणारे तेथे कोणी नव्हते. ते त्यांनी सूक्ष्मदर्शकाजवळ बसून स्वतःच शिकून घेतले.

आता त्या रोगाकडे वळू. अमेरिकेच्या दक्षिणेला टेक्सास नावाचा मोठा प्रांत आहे. तेथे गुरांचे प्रचंड कळप होते. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले. त्यानंतर हे कळप विक्रीसाठी उत्तरेकडे मोठ्या संख्येने जाऊ लागले. टेक्सासच्या गाई अगदी धडधाकट दिसत. पण त्या ज्या रस्त्याने जात, ज्या कुरणात चरत, तेथील स्थानिक गाई काही आठवड्यांनी आजारी पडत. त्यांना सडकून ताप येई, लघवी रक्तासारखी लाल होई, त्या चारा सोडत आणि थोड्याच दिवसांत मरत. लोक या रोगाला ‘टेक्सास ताप’ म्हणू लागले. उत्तरेकडील शेतकरी हत्यारे घेऊन वाटेत उभे राहत आणि टेक्सासचे कळप अडवत. त्यांचा राग तुम्ही समजू शकता. ज्याच्या दारात चार गाई, त्याच्या त्या चारही गेल्या तर त्याने खावे काय?

कोडे असे होते की आजार देणारी गाय स्वतः निरोगी होती. जी गाय आजारी पडे, तिच्या शेजारी बांधलेल्या गाईला मात्र तिच्यापासून रोग लागत नसे. हिवाळ्यात आलेले कळप कोणाला त्रास देत नसत, उन्हाळ्यात आलेले देत. विद्वान मंडळी म्हणत की टेक्सासच्या गाईंच्या लाळेत, शेणात किंवा मुतात विष असावे आणि ते गवताला लागत असावे. गुराखी मात्र वेगळेच सांगत. ते म्हणत, हा सारा गोचिडांचा प्रताप आहे. विद्वान त्यांना हसत. एवढासा किडा, तो काय गाय मारणार!

स्मिथ हसले नाहीत. पण त्यांनी गुराख्यांचे म्हणणे तसेच्या तसे खरेही मानले नाही. मला वाटते, स्मिथ यांचे मोठेपण येथेच दिसते. ते म्हणणे खरे की खोटे, हे त्यांनी गाईंनाच विचारायचे ठरवले.

फ्रेड किलबोर्न हे जनावरांचे डॉक्टर वॉशिंग्टनजवळच्या प्रयोगक्षेत्राची व्यवस्था पाहत. १८८९ च्या उन्हाळ्यात तेथे कुंपण घालून वेगवेगळी कुरणे तयार करण्यात आली. दक्षिणेतील नॉर्थ कॅरोलिना प्रांतातून गाई आणल्या. त्यांच्या अंगावर गोचीड होते. एका कुरणात या गाई गोचिडांसह सोडल्या आणि त्यांच्याबरोबर उत्तरेकडील निरोगी गाई ठेवल्या. दुसऱ्या कुरणात दक्षिणेच्या गाई सोडल्या, पण त्यांच्या अंगावरचा एकेक गोचीड हाताने वेचून काढला. हे काम सोपे नव्हते. गोचिडाचे पिल्लू मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान असते. आज अंग स्वच्छ केले तरी उद्या पुन्हा काही सापडत. उन्हात उभे राहून, लाथा चुकवत, गाईच्या पोटाखाली वाकून ते वेचावे लागत.

पहिल्या कुरणातील उत्तरेच्या गाई आजारी पडल्या. दुसऱ्या कुरणातील उत्तरेच्या गाई ठणठणीत राहिल्या. म्हणजे लाळ, शेण आणि मूत यांचा काही दोष नव्हता. मग आणखी एका कुरणात दक्षिणेची एकही गाय न सोडता केवळ गोचीड गवतावर टाकले आणि उत्तरेच्या गाई चरायला सोडल्या. त्या गाईंनाही टेक्सास ताप आला.

इकडे स्मिथ आजारी गाईंचे रक्त तपासत होते. रक्तातील तांबड्या पेशी ते मोजत. आजार वाढे तशी त्या पेशींची संख्या झपाट्याने घसरे. त्या पेशींच्या आत त्यांना पेअरच्या फळासारख्या आकाराचे, बहुधा जोडीने राहणारे अतिसूक्ष्म जीव दिसले. हे परजीवी तांबड्या पेशी फोडत आणि म्हणूनच लघवी लाल होई. या परजीवीला आज ‘बबेसिया’ म्हणतात.

तरीही एक गाठ सुटत नव्हती. हा गोचीड डासासारखा आज याला, उद्या त्याला चावत फिरत नाही. एका गाईच्या अंगावर चढला की तो तेथेच वाढतो. मादी पोटभर रक्त पिते, जमिनीवर गळून पडते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. ती दुसऱ्या गाईकडे जातच नाही. मग रोग कसा जातो?

स्मिथ यांनी गोचिडांची अंडी प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यांत उबवली. त्यांतून सहा पायांची इवलीशी पिल्ले बाहेर पडली. (मोठ्या गोचिडाला आठ पाय असतात. तो कोळ्याच्या नात्यातला आहे, खरा कीटक नाही.) या पिल्लांनी अजून कोणत्याही गाईला तोंड लावलेले नव्हते. १८९० मध्ये ती एका निरोगी गाईवर सोडली. तिला गोठ्यात वेगळी ठेवली होती, कोणत्याही कुरणात नेलेली नव्हती. तिला टेक्सास ताप आला. रोगाचा परजीवी आईकडून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात उतरत होता!

सारी कोडी एका झटक्यात सुटली. कळप निघून गेल्यावर कित्येक दिवसांनी आजार का येई? कारण अंडी उबायला तेवढे दिवस लागत. शेजारच्या गाईला रोग का लागत नसे? कारण मध्ये गोचिडाची नवी पिढी जन्मावी लागे. हिवाळ्यात भीती का नसे? कारण उत्तरेच्या थंडीत गोचीड मरत. आणि टेक्सासच्या गाई धडधाकट का? त्यांना वासरे असतानाच हलका आजार होऊन गेलेला असे, म्हणून त्या पुढे तग धरत.

चार उन्हाळे असे प्रयोग करून १८९३ मध्ये स्मिथ आणि किलबोर्न यांनी सुमारे तीनशे पानांचा अहवाल प्रसिद्ध केला. गोचीड किंवा कीटक असा परजीवी एका प्राण्यातून दुसऱ्या प्राण्यात नेऊन रोग पसरवू शकतो, हे येथे प्रथमच पुराव्यानिशी सिद्ध झाले. डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी रोनाल्ड रॉस यांना आपल्या देशात, सिकंदराबाद येथे, १८९७ मध्ये सापडला. म्हणजे डासाच्या आधी गोचीड पकडला गेला होता.

या अहवालावर कूपर कर्टिस यांचे नाव लेखक म्हणून नव्हते. गोचिडाचे जीवनचक्र उलगडण्यासाठी त्यांनी फार मेहनत घेतली होती आणि त्यांना ही गोष्ट लागली. लागणारच. स्मिथ यांनाही असाच अनुभव आला होता. त्यांनी शोधलेल्या एका जंतूमुळे जंतूंच्या त्या गटाला १९०० मध्ये ‘साल्मोनेला’ हे नाव मिळाले, पण ते त्यांच्या वरिष्ठांच्या, डॅनियल साल्मन यांच्या, आडनावावरून.

कर्टिस रुसून बसले नाहीत. गोचीड देशातून कायमचे घालवता येतील, असे ते लोकांना पटवत राहिले. १९०६ मध्ये अमेरिकन सरकारने मोहीम सुरू केली. गावोगावी औषधी पाण्याचे हौद बांधले आणि गुरांना त्यांतून पोहत न्यायचे ठरले. काही शेतकऱ्यांना ही सक्ती इतकी खटकली की त्यांनी ते हौद सुरुंग लावून उडवले. तरी काम चालू राहिले आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेवरची एक पट्टी सोडून बाकी देश या गोचिडांपासून मुक्त झाला.

गोचिडांचा धोका फक्त गाईंना नसतो. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत लोकांना जोराचा ताप येऊ लागला. आपल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तपास केला. विषाणू माणसांपर्यंत आणणारे जंगलातील गोचीडच निघाले. २०१६ मध्ये हा ताप महाराष्ट्रात, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातही आढळला.

स्मिथ यांनी १८९५ मध्ये वॉशिंग्टन सोडले आणि ते हार्वर्ड विद्यापीठात गेले. गाईंना होणाऱ्या क्षयाचे जंतू आणि माणसाच्या क्षयाचे जंतू वेगळे आहेत, हे त्यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. १९१५ पासून ते प्रिन्स्टन येथे रॉकफेलर संस्थेत जनावरांच्या रोगांवर काम करू लागले आणि १९२९ मध्ये निवृत्त झाले. परजीवी आणि रोग यांवरील त्यांचे पुस्तक १९३४ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी १० डिसेंबर रोजी ते वारले.

मेक्सिकोच्या सीमेवरची ती पट्टी अजून आहे. सरकारी माणसे तेथे घोड्यावरून गस्त घालतात आणि नदी ओलांडून आलेले एखादे भटके जनावर दिसले, की त्याला पकडून त्याच्या अंगावर गोचीड आहेत का, ते हाताने चाचपून पाहतात.