शब्दकोश उतरवून काढणारा कैदी

दर वर्षी जूनमध्ये शाळा उघडली की दोन-चार पालक तरी हमखास भेटतात आणि एकच गोष्ट विचारतात. मुलाचे इंग्रजी शब्द वाढावेत म्हणून कोणते पुस्तक घेऊन द्यावे? मुलगा घरी कोकणी नाहीतर उर्दू बोलतो, शाळेत मराठीतून शिकतो आणि इंग्रजी उतारा पुढे आला की दुसऱ्या ओळीलाच अडखळतो. अशा पालकांना मी एका माणसाची हकीकत सांगतो. तो अमेरिकेतला होता आणि त्याची मातृभाषाच इंग्रजी होती. तरीही वयाची विशी उलटल्यावर इंग्रजी शब्द त्याला पहिल्यापासून शिकावे लागले, आणि तेही तुरुंगात. जग त्याला माल्कम एक्स या नावाने ओळखते.

माल्कम लिटल याचा जन्म १९ मे १९२५ रोजी नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. कृष्णवर्णीयांनी आपल्या पायावर उभे राहावे, असे ते उघडपणे सांगत, आणि त्यामुळे गोऱ्या गुंडांचा कुटुंबाला सतत त्रास होई. १९३१ साली मिशिगन राज्यात ट्रामखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. तो अपघात नसून घातपात होता, असे कुटुंबाचे म्हणणे कायम राहिले. त्यानंतरच्या हलाखीत आईच्या मनावर परिणाम झाला. १९३९ साली तिला मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि भावंडे निरनिराळ्या घरी वाटली गेली.

मेसन या गावच्या शाळेत माल्कम हुशार मुलांत गणला जाई. वर्गात बहुतेक सारी मुले गोरी, तरी सातवीत त्यांनी त्यालाच वर्गप्रमुख निवडले होते. आठवीत असताना एका शिक्षकांनी त्याला पुढे काय व्हायचे आहे, असे विचारले. माल्कमने वकील असे उत्तर दिले. शिक्षकांनी हसत हसत त्याची समजूत घातली की त्याच्या जातीच्या मुलाने असली स्वप्ने पाहू नयेत, हाताने काम चांगले करतो तर सुतार व्हावे. याच शिक्षकांनी अभ्यासात त्याच्या मागे असलेल्या गोऱ्या मुलांना मात्र हवे ते होण्यास उत्तेजन दिले होते. ते माणूस म्हणून दुष्ट नव्हते, हे माल्कमने पुढे स्वतःच नमूद केले आहे. त्यांचा विषय इंग्रजी होता. तोच विषय शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रसंग वाचताना मान खाली घालावीशी वाटते.

त्या दिवसापासून मुलाचे मन शाळेतून उडाले. आठवी झाल्यावर १९४१ साली तो बोस्टनला सावत्र बहिणीकडे, एलाकडे, गेला. बूटपॉलिश, आगगाडीतली नोकरी, मग न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जुगार, अमली पदार्थ आणि शेवटी घरफोड्या, असा पुढचा उतार आहे. १९४६ च्या आरंभी तो पकडला गेला. त्याला आठ ते दहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा वय अवघे वीस होते.

चार्ल्सटाउनच्या जुनाट तुरुंगात तो इतका शिवराळ वागे की इतर कैद्यांनी त्याचे नाव सैतान ठेवले होते. तिथे बिंबी नावाचा एक वयस्क कैदी होता. मोटारींच्या नंबराच्या पाट्या बनवण्याचे काम आटोपले की बिंबी कोणत्याही विषयावर बोलू लागे आणि कैदीच काय, पहारेकरीही ऐकत उभे राहत. हातात सत्ता नाही, अंगात दांडगाई नाही, केवळ शब्दांच्या जोरावर मान मिळवणारा माणूस माल्कम प्रथमच पाहत होता. बिंबीने त्याला बजावले की डोके आहे तर ते वापर, तुरुंगाचे ग्रंथालय आणि पत्रद्वारा चालणारे वर्ग आहेत, त्यांचा फायदा घे. माल्कमने इंग्रजीचा असा अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे थोडी लॅटिनही घेतली, कारण शब्द कोणत्या मुळापासून निघाला हे बिंबी रंगवून सांगत असे.

खरी अडचण उभी राहिली ती पत्रामुळे. त्याची भावंडे नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीयांच्या संघटनेत गेली होती आणि त्यालाही पत्रांतून बोलावत होती. या संघटनेच्या कित्येक शिकवणुकी आपल्या दीनशी जुळणाऱ्या नव्हत्या. गोरा माणूस तेवढा सैतान, असे ती शिकवी. पण डुकराचे मांस, सिगारेट आणि नशा सोडण्याची शिस्त माल्कमला तिच्याकडूनच लागली. बहिणीच्या सांगण्यावरून त्याने संघटनेचे प्रमुख एलिजा मुहम्मद यांना पत्र लिहायला घेतले. पत्र एका पानाचे, पण ते त्याला किमान पंचवीस वेळा पुन्हा लिहावे लागले. अक्षर वाचता येईना, वाक्य जुळेना. रस्त्यावर ज्याच्या जिभेपुढे कोणी टिकत नसे, त्याला कागदावर साधे मन मोकळे करता येत नव्हते. गल्लीतली बोली कागदाला चालत नाही, हे त्याला त्या पंचवीस कागदांनी शिकवले. पुस्तक हाती घेतले तरी तीच गत. प्रत्येक वाक्यात अनोळखी शब्द येत. ते गाळून वाचले की वाक्याचा अर्थच हाती लागत नसे.

एलाच्या खटपटीने १९४८ साली त्याची बदली नॉरफोक येथील सुधारित तुरुंगात झाली. पार्कहर्स्ट नावाच्या श्रीमंत गृहस्थांनी दिलेला मोठा ग्रंथसंग्रह तिथे होता. माल्कमने तुरुंगाच्या शाळेतून एक शब्दकोश, काही वह्या आणि पेन्सिली मागून घेतल्या. दोन दिवस तो नुसती पाने उलटत राहिला. जगात इतके शब्द आहेत हेच त्याला माहीत नव्हते आणि त्यातले कोणते शिकावेत हेही कळेना. अखेर काहीतरी सुरुवात करावी म्हणून त्याने पहिले पान विरामचिन्हांसकट वहीत उतरवले. त्याला अख्खा दिवस लागला. मग लिहिलेले सारे त्याने स्वतःला मोठ्याने वाचून दाखवले, पुन्हा पुन्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कोणते शब्द आठवतात ते पाहिले, आणि जे आठवले नाहीत त्यांचे अर्थ परत काढले. पहिल्याच पानावरचा आर्डव्हार्क, म्हणजे लांब कानांचा, बिळे खणणारा, वाळवीवर जगणारा आफ्रिकेतील प्राणी, त्याच्या कायमचा लक्षात राहिला. पहिल्यानंतर दुसरे पान, मग तिसरे. पानागणिक माणसे, गावे आणि इतिहासातल्या घटनाही भेटत गेल्या. पहिल्या अक्षराचा भाग संपता संपता एक वही भरली, आणि असे करत त्याने सारा कोश उतरवला. हात सरावला तसा वेगही वाढला.

मुलांना मी शब्दकोश उतरवायला सांगत नाही. आपल्याकडे मुले शंभर-शंभर शब्द वहीत उतरवतात आणि चाचणी झाली की विसरतात. माल्कमचे शब्द टिकले, कारण लगोलग ते पुस्तकांत भेटत होते. काल उतरवलेला शब्द आज इतिहासाच्या पानावर येई आणि पान उलगडे. त्याने विल ड्युरंट वाचला, एच. जी. वेल्स वाचला, गुलामगिरीचा इतिहास वाचला, गांधीजींच्या लढ्याविषयीही वाचले. रात्री दहाला दिवे मालवले जात. त्याच्या कोठडीबाहेरच्या वाटेवर एक दिवा असे. त्याच्या अंधूक उजेडात तो जमिनीवर बसून वाची. पहारेकरी तासातासाने फिरे. पावले वाजली की अंथरुणात शिरून झोपेचे सोंग, आणि तो गेला की पुन्हा अठ्ठावन्न मिनिटे पुस्तक! पहाटे तीन-चारपर्यंत असे चाले. त्यात डोळे बिघडले आणि चष्मा लागला. त्याच्या छायाचित्रांत दिसतो तो चष्मा त्या वाचनाचा आहे.

नॉरफोकमध्ये वादविवाद सभा भरत. तिथे तो उभा राहून बोलायला शिकला. ऑगस्ट १९५२ मध्ये तो सुटला. गुलामांच्या मालकाने दिलेले लिटल हे आडनाव टाकून त्याने एक्स हे अक्षर धारण केले, आणि काही वर्षांतच नेशन ऑफ इस्लामचे सर्वांत प्रभावी वक्ते म्हणून माल्कम एक्स यांचे नाव अमेरिकाभर झाले.

मार्च १९६४ मध्ये त्यांनी ती संघटना सोडली आणि एप्रिलमध्ये ते हजला निघाले. जेद्दाच्या विमानतळावर त्यांना थांबवून ठेवले गेले, कारण अमेरिकन पासपोर्टचा हा माणूस खरोखर मुसलमान आहे की नाही याची खात्री व्हायची होती. त्यांना अरबी येत नव्हती, आणि नमाजही नीट येत नव्हती. बारा वर्षे व्यासपीठे गाजवलेला हा माणूस मुतव्विफच्या हालचाली पाहून लहान मुलासारखा रुकू आणि सजदा शिकू लागला. पाय दुमडून बसण्याची सवय नसल्याने घोटा सुजला, तरी ते एकटेच सराव करत राहिले. एकोणचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर पुन्हा पहिले पान! हजमध्ये गोऱ्या मुसलमानांबरोबर एका ताटात जेवल्यावर गोऱ्या माणसाविषयीचे आपले जुने मत चुकीचे होते, हे त्यांनी पत्रे लिहून जाहीर केले. परतले ते अल-हाज मलिक अल-शबाज होऊन.

३ डिसेंबर १९६४ रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या वादसभेत ते बोलले. बीबीसीने ती सभा दूरचित्रवाणीवर दाखवली. विषय होता स्वातंत्र्यासाठी केलेल्या अतिरेकाचा. त्यांनी अतिरेक हा शब्दच तपासायला घेतला. तीच हिंसा एकाने केली तर वर्तमानपत्रे तिला कोणते नाव देतात आणि दुसऱ्याने केली तर कोणते, हे उदाहरणे देऊन दाखवले, आणि शेवटी हॅम्लेटचा आधार घेतला. मतदानात त्यांची बाजू हरली. पण आठवी पास झालेला माणूस ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांपुढे त्यांच्याच भाषेतील एका शब्दाची अशी चिरफाड करत होता.

२१ फेब्रुवारी १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या ऑड्युबॉन सभागृहात व्यासपीठावरच त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. वय एकोणचाळीस. त्याआधी सुमारे दोन वर्षे, दिवसभराची कामे उरकून, ते अॅलेक्स हेली या लेखकाला आपले चरित्र सांगत होते. बोलता बोलता हाताशी येईल त्या कागदावर काहीबाही खरडण्याची त्यांची सवय पाहून हेली मुद्दाम कागदी रुमाल त्यांच्याजवळ ठेवत आणि मागाहून गोळा करून वाचत. ते आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर १९६५ सालीच छापून आले. शब्दकोशाच्या पहिल्या पानाचा प्रसंग त्यातच आहे.