एमिल बर्लिनर

एमिल बर्लिनर (२० मे, इ.स. १८५१, हॅनोवर - ३ ऑगस्ट, इ.स. १९२९; वॉशिंग्टन) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन संशोधक व उद्योजक होते. सपाट तबकडीवर आवाज कोरून तो पुन्हा ऐकविणारे 'ग्रामोफोन' हे यंत्र त्यांनी तयार केले आणि त्याला हे नावही त्यांनीच दिले. ध्वनी साठवून पुन्हा ऐकविण्याच्या शोधाचे श्रेय थॉमस एडिसन यांच्याकडे जाते व ते रास्तच आहे. मात्र एकदा साठविलेल्या ध्वनीच्या हजारो एकसारख्या प्रती काढण्याची व्यवहार्य रीत बर्लिनर यांची. संगीत घरोघरी पोहोचले ते या प्रतींमुळे. आणि गाण्याची प्रत काढण्याचा हक्क कोणाचा, हा संगणकाच्या काळात पुन्हा पेटलेला वादही या प्रतींच्या पाठोपाठच आला.

पूर्वायुष्य

बर्लिनर यांचा जन्म हॅनोवर येथील एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. वडील सॅम्युएल हे व्यापाराबरोबर धर्मग्रंथांचा व्यासंग करणारे होते, तर आईला संगीताची आवड होती. तेरा भावंडांच्या या कुटुंबात मुलांना फार काळ शिकविणे परवडण्याजोगे नव्हते. वोल्फनब्युटेल येथील शाळेतून एमिल चौदाव्या वर्षी बाहेर पडले आणि छापखान्यात व पुढे कापडाच्या दुकानात कामाला लागले. इ.स. १८७० मध्ये प्रशिया व फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले. सक्तीची लष्करी सेवा टाळण्यासाठी ते त्याच वर्षी अमेरिकेस गेले आणि वॉशिंग्टन येथे एका कौटुंबिक स्नेह्याच्या दुकानात कारकून म्हणून राहिले.

काही वर्षांनी ते न्यूयॉर्कला गेले. तेथे मिळेल ते काम करीत त्यांनी दिवस काढले. पुढे सॅकरिनच्या शोधामुळे प्रसिद्ध झालेल्या कॉन्स्टँटिन फालबर्ग यांच्या प्रयोगशाळेत बाटल्या व उपकरणे धुण्याचेही काम केले. रात्री कूपर इन्स्टिट्यूटमध्ये ते विज्ञानाचे वर्ग करीत. शाळा सुटल्यानंतरचे त्यांचे शिक्षण ते एवढेच. विद्युत्शास्त्र व ध्वनिशास्त्र यांचा बाकी सर्व अभ्यास त्यांनी स्वतःच पुस्तके वाचून केला.

टेलिफोनवरील काम

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा टेलिफोन इ.स. १८७६ मध्ये लोकांसमोर आला. त्यात बोलणाऱ्याचा आवाज पलीकडे फार क्षीण ऐकू येई. दोन वाहकांचा स्पर्श सैल ठेवला तर आवाजाच्या दाबाप्रमाणे त्यातून जाणारा वीजप्रवाह कमीजास्त होतो, हे ध्यानात घेऊन बर्लिनर यांनी इ.स. १८७७ मध्ये वॉशिंग्टनमधील आपल्या भाड्याच्या खोलीत सुधारित प्रेषक बनविला व पेटंटसाठी अर्ज केला. बेल कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि त्यांना नोकरीही दिली. हे पेटंट प्रत्यक्ष मंजूर होण्यास इ.स. १८९१ साल उजाडले. ते रद्द व्हावे म्हणून अमेरिकन सरकारने केलेला दावा इ.स. १८९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला. तथापि कार्बन मायक्रोफोनचे मुख्य श्रेय आज सामान्यतः एडिसन यांना दिले जाते.

या व्यवहारातून आलेल्या पैशामुळे बर्लिनर यांना नोकरी सोडून स्वतंत्र संशोधन करता आले. इ.स. १८८१ मध्ये त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. त्याच वर्षी कोरा ॲडलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि बंधू योसेफ यांच्यासह त्यांनी हॅनोवर येथे टेलिफोनचा कारखानाही काढला. या कारखान्याचा संबंध पुढे संगीताशी येणार होता.

ग्रामोफोन

एडिसन यांच्या फोनोग्राफमध्ये आवाज नळकांड्यावर कोरला जाई आणि सुई खाचेत वरखाली होत असे. अशा नळकांड्याची प्रत काढणे जिकिरीचे होते. दहा प्रती हव्या असतील तर गायकाने तेच गाणे पुन:पुन्हा गायचे, फार तर चार-सहा यंत्रे त्याच्यासमोर एकाच वेळी मांडायची, अशी स्थिती प्रारंभीच्या काळात होती. बर्लिनर यांनी नळकांडे सोडून सपाट तबकडी घेतली आणि सुई वरखाली न हलविता आडवी, डावीउजवीकडे हलविली.

त्यांची कृती एखाद्या ठसे कोरणाऱ्या कारागिराची होती. घासून चकचकीत केलेल्या जस्ताच्या तबकडीवर मेणाचा अतिशय पातळ थर द्यायचा. कर्ण्यापुढे गाणे म्हटले की सुई तेवढ्या रेषेपुरता थर खरवडून काढी. मग तबकडी आम्लात बुडवायची. उघड्या पडलेल्या रेषेतले जस्त आम्ल खाऊन टाकी व तेथे कायमची खाच पडे. या मूळ तबकडीवरून विजेच्या साहाय्याने धातूचा उलटा साचा तयार करायचा आणि त्या साच्याने मऊ द्रव्यावर दाब देऊन हव्या तितक्या तबकड्या छापायच्या. छापखान्यात एका खिळ्यावरून हजार पाने निघतात, तसा हा प्रकार होता. लहानपणी छापखान्यात केलेली उमेदवारी येथे उपयोगी पडली की काय, असा तर्क करण्याचा मोह होतो.

ग्रामोफोनचे पेटंट त्यांना ८ नोव्हेंबर, इ.स. १८८७ रोजी मिळाले. तबकडी कशाची करावी हा प्रश्न मात्र बरीच वर्षे छळत राहिला. सेल्युलॉइड झिजे, कडक रबर सपाट राहत नसे. अखेर इ.स. १८९५ च्या सुमारास, गुंड्या बनविणाऱ्या उद्योगात वापरले जाणारे लाखमिश्रित द्रव्य त्यांना सापडले. ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातून येत असे. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे जगातील बहुतेक तबकड्या लाखेच्या होत्या, म्हणजे भारतीय गाणे तबकडीवर चढण्यापूर्वीच छोटानागपूर भागातील झाडांवरची लाख तिच्यात जाऊन बसली होती.

इ.स. १८८८ चे व्याख्यान

१६ मे, इ.स. १८८८ रोजी फिलाडेल्फिया येथील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये बर्लिनर यांनी आपल्या यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविले. त्या प्रसंगीचे त्यांचे व्याख्यान यंत्राइतकेच महत्त्वाचे मानावे लागते. एडिसन यांना फोनोग्राफ प्रामुख्याने कचेरीतील पत्रे सांगून घेण्याचे साधन वाटत होते. बर्लिनर यांच्या डोळ्यांपुढे मात्र घराची बैठक होती. लोक यंत्र घरी आणतील, निवडक तबकड्यांचा संग्रह करतील, त्यात अधूनमधून भर घालतील आणि संध्याकाळच्या संध्याकाळ गाणी ऐकण्यात घालवतील, असे त्यांनी सांगितले. गावोगाव आवाज नोंदवून देणारी केंद्रे निघतील, कोणीही तेथे जाऊन कर्ण्यापुढे बोलावे व आपल्या आवाजाच्या प्रती आप्तेष्टांना पाठवाव्यात, हीही कल्पना त्यांनी मांडली.

त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. नामवंत गायक व वक्ते यांना आपल्या तबकड्यांच्या विक्रीवर स्वामित्वधन मिळू शकेल, आणि मौल्यवान तबकड्यांची नोंदणी करून विनापरवाना नकलांपासून त्यांचे रक्षण करता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. बाजारात एकही तबकडी आलेली नसताना हे सांगितले गेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अमुपाची सोय आणि कलावंताचा वाटा या दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही. प्रत्यक्षात कायदा फार मागे राहिला. अमेरिकेत इ.स. १९०९ च्या कायद्याने संगीतरचनाकाराला प्रत्येक तबकडीमागे दोन सेंट देऊ केले; गायकाच्या ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळाले ते थेट इ.स. १९७२ मध्ये.

व्यवसाय आणि खटले

पहिल्या तबकड्या खेळणी म्हणून विकल्या गेल्या. इ.स. १८८९ च्या सुमारास जर्मनीतील एका खेळण्यांच्या कारखान्याने हाताने फिरवायचे छोटे ग्रामोफोन व पाच इंची तबकड्या बनविल्या. अमेरिकेत बर्लिनर यांनी इ.स. १८९५ मध्ये फिलाडेल्फियात कंपनी काढली. हाताने फिरविलेल्या तबकडीचा वेग सारखा राहत नसल्याने सूर हेलकावे खाई. कॅम्डेन येथील यंत्रकार एल्ड्रिज जॉन्सन यांनी किल्लीने चालणारी स्प्रिंगची मोटर बसविल्यावर ही अडचण दूर झाली आणि खप वाढला.

विक्रीचा मक्ता फ्रँक सीमन यांच्याकडे होता. नफ्याच्या वाटणीवरून दोघांत बिनसले, सीमन यांनी झोनोफोन नावाचे मिळतेजुळते यंत्र बाजारात आणले व प्रतिस्पर्धी कंपनीशी हातमिळवणी केली. न्यायालयीन मनाईहुकुमामुळे जून, इ.स. १९०० मध्ये बर्लिनर यांनाच अमेरिकेत स्वतःचा ग्रामोफोन विकण्यास बंदी झाली. नकलेपासून तबकडीचे रक्षण व्हावे असे बारा वर्षांपूर्वी सांगणाऱ्या माणसावर ही वेळ यावी, हा दैवदुर्विलासच. त्यांनी आपला व्यवसाय कॅनडातील माँट्रियल येथे हलविला. जॉन्सन यांनी इ.स. १९०१ मध्ये व्हिक्टर कंपनी स्थापन केली व तीत बर्लिनर यांचा हिस्सा राहिला. या भानगडीत अमेरिकेतून 'ग्रामोफोन' हा शब्द मागे पडला. इंग्लंड व भारतात तो टिकला.

युरोपात इ.स. १८९८ मध्ये लंडनची ग्रामोफोन कंपनी आणि हॅनोवरची डॉइच ग्रामोफोन या संस्था उभ्या राहिल्या. हॅनोवरच्या टेलिफोन कारखान्यातच तबकड्या छापल्या जाऊ लागल्या. चित्रकार फ्रान्सिस बरॉ यांचे कर्ण्यापुढे कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र याच सुमारास कंपनीने घेतले. मूळ चित्रात फोनोग्राफ होता. त्यावर ग्रामोफोन रंगविण्यात आला.

भारतातील प्रसार

बर्लिनर यांचे सहकारी फ्रेड गायसबर्ग हे लंडन कंपनीच्या वतीने इ.स. १९०२ मध्ये कलकत्त्यास आले व त्यांनी गौहर जान यांच्यासह अनेकांचा आवाज नोंदविला. मूळ तबकड्या हॅनोवरला जात व तेथून छापून परत येत. गाणे संपताच गायिका आपले नाव उच्चारी, ते तेथील कारागिरांना ओळख पटावी म्हणून, असे सांगितले जाते. इ.स. १९०८ मध्ये सियालदह येथे कारखाना निघाल्यावर हा फेरा वाचला.

महाराष्ट्रात यंत्राला 'फोनो' व तबकडीला 'प्लेट' म्हणत. बालगंधर्वांची नाट्यपदे ज्या गावांत त्यांची कंपनी कधी गेली नाही तेथेही पोहोचली. अब्दुल करीम खाँ यांनी तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करण्याची किमया तबकडीवर साधली. सर्वांना मात्र हे रुचले नाही. घराण्याची विद्या यंत्राच्या हाती गेली की ती कोणीही उचलील, ही भीती अनेक गवयांना वाटे, आणि तिला अगदीच निराधार म्हणता येणार नाही. उस्ताद अल्लादिया खाँ यांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. तो तोटा आज कशानेही भरून निघत नाही. त्यांच्या शिष्या, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर, ध्वनिमुद्रणाबाबत काटेकोर होत्या. त्यांच्या भैरवीचे ध्वनिमुद्रण इ.स. १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेले, तेही सुईने वाजविण्याच्या तबकडीवर.

इतर कार्य व मृत्यू

आपल्या तान्ह्या मुलीच्या आजारपणानंतर बर्लिनर यांनी दुधाच्या शुद्धतेसाठी मोहीम उघडली आणि मुलांना स्वच्छता शिकविणाऱ्या पद्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. आईच्या नावे त्यांनी इ.स. १९०८ मध्ये स्त्री संशोधकांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. तिचा उल्लेख ग्रामोफोनच्या झगमगाटात फारसा होत नाही, तो व्हावयास हवा. हेलिकॉप्टरचे प्रयोग त्यांनी पुत्र हेन्री यांच्यासह केले. सभागृहातील प्रतिध्वनी कमी करणाऱ्या फरशाही त्यांनी बनविल्या.

३ ऑगस्ट, इ.स. १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी एडिसन यांच्या कंपनीने ध्वनिमुद्रिकांचे उत्पादन थांबविले.

तबकडीनंतर

१७ ऑगस्ट, इ.स. १९८२ रोजी हॅनोवरजवळील लांगेनहागन येथे, डॉइच ग्रामोफोनचाच वारसा सांगणाऱ्या पॉलिग्राम कंपनीच्या कारखान्यात, विक्रीसाठीच्या पहिल्या सीडी तयार झाल्या. आकार तबकडीचाच, साच्याने छापण्याची रीतही तीच; आत मात्र खाचेऐवजी अंक. बर्लिनर यांचे यंत्र फक्त वाजवीत असे, नोंदवीत नसे. त्यामुळे प्रत काढण्याची किल्ली शंभर वर्षे कारखान्याकडे राहिली. कॅसेटने ती थोडी सैल केली. घरच्या संगणकाने सीडी वाचून तिची हुबेहूब नक्कल काढण्यास सुरुवात केली, जर्मनीतच विकसित झालेल्या एमपी३ पद्धतीने गाण्याचा आकार दहा-बारा पट लहान केला, आणि इ.स. १९९९ मध्ये नॅपस्टर निघाल्यावर कारखान्याची गरजच उरली नाही. भारतात शे-दीडशे गाण्यांची एक सीडी रस्त्याच्या कडेला मिळू लागली. विकत घेतलेले गाणे मित्राला दिले तर मूळ मालकाचे काय कमी झाले, असे एक मत. गाणाऱ्याच्या ताटातला घास गेला, असे दुसरे. नॅपस्टरची सेवा न्यायालयीन लढाईनंतर इ.स. २००१ मध्ये बंद झाली.

संगीतक्षेत्रातील ग्रॅमी पुरस्काराचे नाव व त्याची प्रतिकृती ग्रामोफोनवरून घेतलेली आहे. बर्लिनर यांची कागदपत्रे व सुरुवातीच्या तबकड्या वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेल्या असून त्यांतील अनेक ध्वनिमुद्रणे संगणकावर कोणालाही विनामूल्य ऐकता येतात.