पाच वर्षांतले पाच तास

बारामतीच्या आकाशात ट्रेनिंगची विमानं घिरट्या घालताना आपण लहानपणापासून पाहिली. तिकडे इंदापूर तालुक्यात भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाक घरटी करतात. पंख न हलवता ते वर वर कसे चढतात, हे तासभर उभं राहून बघणारे आपल्यात किती असतील? दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी जर्मनीतला एक मुलगा करकोच्यांकडे असाच बघत राहिला. त्याचं नाव ओटो लिलिएंथाल. पुढे तो आपल्यासारखाच इंजिनिअर झाला!

ओटोचा जन्म २३ मे १८४८ चा, आंक्लाम गावचा. वडील लवकर वारले. शाळेत असताना तो आणि धाकटा भाऊ गुस्ताव हाताला लाकडी पंख बांधून टेकडीवरून पळत सुटायचे, तेही रात्री, कारण दिवसा मुलं हसायची. बर्लिनला शिक्षण झाल्यावर ओटोने बॉयलर आणि वाफेच्या इंजिनांचा कारखाना काढला. पोट कारखान्यावर भरत होतं, पण जीव पक्ष्यांतच अडकलेला. दोघा भावांनी वेगवेगळ्या आकाराचे पंख फिरत्या दांड्यावर लावून हवेचा दाब मोजला आणि सपाट पंखापेक्षा बाक असलेला पंख चांगला उचलतो हे आकड्यांनी दाखवलं. १८८९ साली ओटोचं पुस्तक निघालं.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. एवढं गणित हातात असूनही हा माणूस डोंगरावर धावला नाही. आधी घरच्या बागेत एक मीटर उंचीच्या फळीवरून उड्या मारल्या, मग फळी हळूहळू वर नेली. १८९१ साली डेरविट्झच्या टेकाडावरून पंचवीस मीटर तरंगला, तेव्हा वय होतं ४३. त्याच्या ग्लायडरला सुकाणू फिरवायची सोय नव्हती. हात चौकटीत अडकवून, लोंबकळत, पाय आणि कंबर झोकून तोल सांभाळायचा. म्हणजे शरीर हाच कंट्रोल! हे वाचून येत नाही, अंगात मुरावं लागतं. १८९४ साली त्याने बर्लिनजवळ पंधरा मीटर उंचीची गोल टेकडी मुद्दाम बांधून घेतली. गोल का? तर वारा कुठूनही येवो, त्याच्या समोरूनच उडी घेता यावी. पुढे त्याची झेप अडीचशे मीटरपर्यंत गेली.

आणि तरीही... ९ ऑगस्ट १८९६ ला स्टोलनजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवर त्याचं ग्लायडर गरम हवेच्या झोतात सापडलं. नाक वर गेलं, वेग संपला. त्याने पाय पुढे झोकले, पण ग्लायडर सावरलं नाही. पंधरा मीटरवरून तो खाली आला, मान मोडली. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये तो गेला.

मग ती सगळी तयारी फुकट गेली का? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर विल्बर राइटने केलेल्या हिशोबात सापडलं. लिलिएंथालने पाच वर्षांत दोन हजारांच्या आसपास उड्डाणं केली, पण हवेतला एकूण वेळ भरला जेमतेम पाच तास! राइट बंधूंनी यातून धडा घेतला: आधी तोल सांभाळायचा उपाय आणि भरपूर सराव, इंजिन नंतर.

आपल्याच जिल्ह्यात मावळात कामशेतला पॅराग्लायडिंग शिकवतात. परीक्षा संपली की आमचा ग्रुप जाणार आहे. तिथे पहिला धडा सपाट जमिनीवर, पंख फुगवून डोक्यावर स्थिर धरायचा. कित्येकांना तो बोअर वाटतो. पण ती म्हणजे लिलिएंथालच्या बागेतली फळीच आहे. दुपारी ऊन तापलं की गरम हवेचे झोत जोर धरतात, म्हणून नवशिक्यांना सकाळी किंवा संध्याकाळी उडवतात. हेल्मेट आणि राखीव पॅराशूट विकत मिळतं. पण वारा बिघडलाय, सगळे मित्र बघतायत, आणि तरीही आज नाही म्हणून पंख गुंडाळून टेकडी उतरायची, ही मनाची तयारी विकत मिळत नाही. मला वाटतं, उडायला जेवढी छाती लागते, त्याहून थोडी जास्त या उतरण्याला लागते.