साथ, पूर आणि क्लारा बार्टन

अमेरिकेतील यादवी युद्धात १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटमची लढाई झाली. एका दिवसात सुमारे २३ हजार सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. शेतातल्या एका घरात शस्त्रक्रिया सुरू होत्या. पट्ट्या संपल्याने शल्यचिकित्सक जखमांवर मक्याची पाने बांधत होते. तेवढ्यात क्लारा बार्टन पट्ट्या आणि कंदिलांसह सामानाची गाडी घेऊन पोहोचल्या. लष्कराचे वैद्यकीय साहित्य अजून बरेच मागे होते. बार्टन यांनी मात्र सैन्य झोपलेले असताना रातोरात आपली गाडी रांगेच्या पुढे काढली होती. त्या दिवशी एका जखमीला पाणी पाजताना गोळी त्यांच्या बाहीतून आरपार गेली आणि तो जखमी मरण पावला. चरित्रांत ही गोळी हमखास असते, पण जीव वाचवले ते रात्रीच्या त्या प्रवासाने.

बार्टन यांचा जन्म १८२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. धान्याच्या कोठारावरून पडलेल्या भावाची त्यांनी ११व्या वर्षापासून जवळपास दोन वर्षे शुश्रूषा केली. शुश्रूषेचे शिक्षण म्हणावे ते एवढेच. पुढे त्या शिक्षिका झाल्या, नंतर वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात कारकून. परिचारिकांना रीतसर शिकवणाऱ्या शाळा अमेरिकेत १८७०च्या दशकात निघाल्या. युद्ध संपल्यावर बार्टन यांनी बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबीयांची पत्रे नोंदवून २२ हजारांहून अधिक जणांचा छडा लावला.

प्रकृतीसाठी १८६९ मध्ये युरोपात गेल्यावर त्यांना रेडक्रॉसची माहिती झाली. फ्रान्स-प्रशिया युद्धात त्या संस्थेची भरलेली गोदामे आणि शिकलेल्या परिचारिका त्यांनी पाहिल्या. अँटिएटमला एकटीने जे जमवावे लागले, ते इथे आधीपासून तयार होते. परतल्यावर अनेक वर्षे सरकारदरबारी खेटे घालून त्यांनी १८८१ मध्ये अमेरिकन रेडक्रॉस स्थापन केली. युद्ध नसतानाही पूर, वणवे आणि साथींत संस्थेने धावून जावे, हा त्यांचा आग्रह १८८४ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेनेही मान्य केला.

पण गोदाम भरणे सोपे, माणसे तयार ठेवणे अवघड. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे १८८८ मध्ये पीतज्वराची साथ आली. हा ज्वर एकदा होऊन गेलेल्याला सहसा पुन्हा होत नाही, म्हणून न्यू ऑर्लिन्समधून असेच लोक शुश्रूषेसाठी घाईघाईने गोळा केले गेले. त्यातल्या काहींनी मॅक्लेनी या छोट्या गावात उत्तम काम केले. इतर काहींच्या वर्तनाच्या मात्र तक्रारी आल्या आणि संस्थेची नाचक्की झाली. रोगप्रतिकारशक्ती होती, पण निवड आणि प्रशिक्षण नव्हते.

पुढच्याच वर्षी ३१ मे रोजी पेनसिल्व्हेनियात धरण फुटले आणि जॉन्सटाउनमध्ये २,२०९ जण मृत्युमुखी पडले. पाच दिवसांत बार्टन डॉक्टर-परिचारिकांसह तिथे हजर होत्या. वय ६७. पत्रकार पांगले, तरी त्या सुमारे पाच महिने राहिल्या. बेघरांसाठी निवारे उभारले, कोणत्या घराला काय हवे त्याची चौकशी करून वाटप केले. टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनला १९०० मध्ये चक्रीवादळाने उद्ध्वस्त केले, तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या आणि तरीही गेल्या.

कारभार एकहाती चालवण्याची त्यांची सवय शेवटी अंगाशी आली. हिशेब नीट नसल्याची टीका वाढली आणि १९०४ मध्ये त्यांनी पद सोडले. जॅक्सनव्हिलमध्ये जाणवलेली उणीव भरून काढणे दुसऱ्याच व्यक्तीच्या वाट्याला आले. जेन डेलानो या परिचारिकेने १९०९ पासून प्रशिक्षित परिचारिकांची पात्रता तपासून आगाऊ नोंदणी सुरू केली. बार्टन १२ एप्रिल १९१२ रोजी वारल्या. पाच वर्षांनी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा त्या यादीत सुमारे आठ हजार परिचारिकांची नावे होती.