खुबा मोडला आणि आठ महिन्यांत…

४ जानेवारी १९०२. बर्लिनच्या लाइपझिगर रस्त्यावर ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ ट्राम पुरती थांबण्याआधीच खाली उतरले आणि पडले. मांडीचे हाड खुब्याशी मोडले. ते होते डॉ. रुडॉल्फ फिरखो, आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक.

जन्म १८२१चा, पोमेरेनियातल्या एका लहान गावात. १८४८ मध्ये सरकारने त्यांना अप्पर सिलेशियात टायफसच्या साथीची पाहणी करायला पाठवले. या तरुण डॉक्टरने अहवालात औषधांपेक्षा दारिद्र्य, निरक्षरता आणि सरकारी अनास्था यांवरच बोट ठेवले. त्याच वर्षी क्रांतीत भाग घेतला, तेव्हा बर्लिन सोडून वुर्झबुर्गला जावे लागले. १८५६ मध्ये ते सन्मानाने परतले. रोग पेशींत सुरू होतो हे मांडणारा त्यांचा ग्रंथ १८५८चा. पुढे संसदेत बिस्मार्कशी भांडले, बर्लिनच्या भुयारी गटारांसाठी झटले. रोगजंतूंचे महत्त्व मात्र त्यांनी लवकर मानले नाही. मोठी माणसेही अडून बसतात.

आज त्यांची आठवण वेगळ्या कारणाने. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात अडकते आणि माणूस दगावतो, हे त्यांनी शवविच्छेदनातून आणि प्रयोगांतून दाखवले. ‘थ्रॉम्बोसिस’ आणि ‘एम्बोलिझम’ हे शब्द त्यांचेच. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या बाबतीत आम्ही डॉक्टर जे धोके मोजतो, त्यांत ही गुठळी असतेच. सोबत न्यूमोनिया, पाठीवरचे व्रण, लघवीतला जंतुसंसर्ग, झिजत जाणारे स्नायू आणि आधीच दमलेले हृदय.

१९०२ मध्ये क्ष-किरण होते, पण मोडलेला खुबा खिळ्याने पक्का करण्याची शस्त्रक्रिया रुळायला आणखी तीसेक वर्षे होती. विश्रांती आणि वाट पाहणे, एवढेच हाती. फिरखो थोडे सावरले, हवापालटासाठीही गेले, पण शक्ती ओसरत गेली. ५ सप्टेंबरला ते गेले. कारण हृदय निकामी होणे. मृत्यूच्या कारणात हाडाचे नाव सहसा नसते. घरचेही म्हणतात, आजी पायाने नाही, छातीने गेली. पण उतार सुरू होतो तो पडण्यापासूनच.

आजही खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक ते तिघांतला एक वर्षभरात दगावतो. फरक पडतो तो वेळेने. शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया, दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करणे, गुठळी रोखणारे औषध, पोटभर प्रथिने. आमच्याकडे अजूनही काही रुग्ण येतात ते पंधरा दिवस हाडवैद्याकडे मालीश करून. वय झालंय, आता कशाला ऑपरेशन, असे घरचे विचारतात. शस्त्रक्रियेत जोखीम असतेच, पण पडून राहण्यात बहुतेकदा तिच्याहून जास्त असते. ज्याला पूर्वी चालता येत होते, त्याच्या बाबतीत तर नक्कीच.